क्रेनवरची तहान

बंदरावर उंच क्रेन चालवणारी ताई कामावर पाण्याचा घोटही घेत नसे. लघवीसाठी एवढी शिडी कोण उतरणार, त्यापेक्षा तहान मारलेली बरी, असं तिचं म्हणणं. त्याचा तिला अभिमानही होता.

एका दुपारी भलामोठा कंटेनर हवेत असताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सवयीने हात ब्रेकवर गेला, म्हणून निभावलं. कंटेनरखाली त्याच बंदरावर काम करणारा तिचा सख्खा भाऊ उभा होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अंगात पाणीच कमी पडलंय तुमच्या.”

“पण मला तर हल्ली तहान लागतच नाही हो,” ती कशीबशी म्हणाली. सोबत आलेल्या भावाकडे बघायची तिची हिंमत होईना.

आता ती बाटली घेऊन चढते आणि लघवी लागेल तेव्हा काम थांबवून खाली उतरते.