वस्तादांचे पाय

म्हैसूरच्या इस्पितळात मी पाय धरायच्या कामावर होतो. थट्टा नाही, कामच ते. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकावर आला की शुद्ध जाण्याआधी माणूस थोडा वेळ पिसाळतो, हातपाय झाडतो. तेवढा वेळ त्याला टेबलावर दाबून ठेवायचं. गरडीत, म्हणजे आमच्याकडच्या तालमीत, कमावलेल्या अंगाचा असा उपयोग झाला. बारा वर्षांत भटजींपासून शिपायांपर्यंत सगळ्यांच्या लाथा खाल्ल्या, दोन दात त्यातच गेले. घरी जेवताना घास उचलायचाही कंटाळा यायचा.

एकदा सकाळचे दोन रोगी दाबून मी भिंतीला टेकलो होतो, तोच तिसरा आत आणला. पाहतो तर माझे वस्ताद! मला कुस्ती त्यांनीच शिकवलेली. अंतर्गळ अडकून पोट फुगलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, की म्हाताऱ्याचं काळीज दुबळं आहे. झटापट केली तर क्लोरोफॉर्म वाढवावा लागेल, आणि तो त्यांना सोसणार नाही.

मी घोटे धरले. रुमाल आला. वस्तादांची शुद्ध हरपू लागली, पण अंग जागं होतं. पकड बसली की सोडवायची, एवढं त्या अंगाला पक्कं ठाऊक. पहिल्याच झटक्यात मी औषधांच्या कपाटावर. उठून जास्त जोरात धरलं; त्यांनी जास्त जोरात सोडवलं. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्मची बाटली उचलली.

माझ्यात तर त्राणच उरलं नव्हतं.

"थांबा," मी म्हणालो. "यांना धरायचंच नाही."

कुस्ती झाली की मी रोज त्यांची मालिश करायचो, आणि हा डोंगर तेव्हा मेणासारखा पडून राहायचा. मी उजव्या मांडीवर तळवे ठेवले आणि सावकाश खाली, पोटरीवरून टाचेपर्यंत आणले. पुन्हा वरून. पुन्हा.

"हे इस्पितळ आहे, मारुतीराया," कंपाउंडर म्हणाला, "न्हाव्याचं दुकान नव्हे."

डॉक्टरांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. वस्तादांचा पाय एकदा थरथरला, मग जड झाला. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि बाटली खाली ठेवली.

शस्त्रक्रिया संपेपर्यंत मला कोणी थांब म्हटलं नाही, म्हणून मी तोच पाय चोळत राहिलो. दुपारी वस्ताद शुद्धीवर आले, दोनदा ओकले, आणि माझ्याकडे पाहून पुटपुटले, "डावा राहिला, लेका."

हात खांद्यातून उचलत नव्हते. मी स्टूल डाव्या पायाशी ओढलं.