चाळीसातले सहा लाडू

युरोपला जायचं माझं सात वर्षं चाललं होतं. कॅनडातल्या किचनरच्या आमच्या ऑफिसातले सगळे एकेकदा जाऊन आले होते आणि सोमवारी कॉफी ओतून घेताना चीजबद्दल बोलायचे. मी आपली डबा गरम करत ऐकायची. शेवटी २०१७च्या ऑक्टोबरात मी मनाशी तडजोड केली. जिथे लोक फ्रेंच बोलतात, रस्ते दगडी आहेत आणि कॉफी बाहुलीच्या कपात मिळते तो युरोपच. शिवाय तिथे व्हिसा लागत नाही आणि बस जाते. मी मॉन्ट्रियलचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, रविवारी दुपारी परत. बदलायचं असेल तर पैसे बुडाले असं त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं.

मॉन्ट्रियलच निवडायला आणखी एक कारण होतं. पुण्याला होस्टेलवर चार वर्षं जिच्याबरोबर एका खोलीत काढली ती मैत्रीण तिथे राहते, आणि ती नऊ दिवसांची बाळंतीण होती. तिच्या आईने सहा महिने आधीपासून बॅग भरून ठेवली होती, पण व्हिसा काही वेळेत झाला नाही. नवऱ्याची नोकरी कंत्राटी, त्याला कशीबशी तीन दिवस सुट्टी मिळाली. मग काकूंनी सांगलीत डिंकाचे लाडू वळले आणि टोरांटोला येणाऱ्या कुणाच्या तरी सासूबाईंच्या सामानातून माझ्यापर्यंत पोचवले. स्टीलचा डबा, वर फडकं, फडक्यावर सुतळी.

"चाळीस आहेत," काकूंनी फोनवर बजावलं. "रोज सकाळी एक. सव्वा महिन्याचे अडतीस, आणि दोन वाटेत फुटले तर म्हणून जास्तीचे. तिला म्हणावं, डबा संपेल त्या दिवशी तू उठलीस. तोवर गार पाण्यात हात घालायचा नाही."

"काही काळजी करू नका काकू," मी म्हणाले. हे वाक्य मी फार सहज बोलते.

शनिवारी सकाळी सहाला बसने मला मॉन्ट्रियलला उतरवलं. मैत्रिणीचा मेसेज होता: रात्रभर बाळ जागं होतं, आता दोघं झोपतोय, चारच्या आत येऊ नको. म्हणजे दहा तास आणि एक युरोप माझ्या हातात होता. बसस्टँडवर सामान ठेवायला कपाट होतं, पण त्याचं भाडं वाचून मी डबा पाठीवरच घेतला. घरचे पराठे बसमध्येच संपले होते. मैत्रिणीला मी आधीच कळवलं होतं, जेवून येईन, तू काही करत बसू नको.

जुन्या शहरात मी मन लावून फिरले. मोठ्या चर्चला आत जायला तिकीट होतं, म्हणून मी ते चारी बाजूंनी बाहेरून बघितलं. फोटो काढताना पिकअप ट्रक आणि कॅनडाचे झेंडे फ्रेमबाहेर ठेवायचे हे माझं धोरण. एका दगडी गल्लीचा असा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला तर मॅनेजरने विचारलं, कुठलं शहर? मी उत्तर दिलं नाही. दुकानदार बोंजूर म्हणायचा, मीही बोंजूर म्हणायची, मग तो जे काही बोलायचा त्याला मी हसायची आणि बाहेर पडायची. वॉशरूमसाठी तरी काही विकत घेणं भाग होतं, म्हणून एका कॅफेत सगळ्यात छोटी कॉफी घेतली. तेवढ्या पैशात किचनरला मी पोटभर जेवले असते. सूड म्हणून पेपर नॅपकिन मूठभर जास्त उचलले.

अकरा वाजता पोटात कावळे ओरडायला लागले. बाराला मी शहरामागच्या डोंगराच्या पायऱ्या चढत होते, कारण डोंगर फुकट असतो. वर बोचरं वारं होतं. बाकावर बसून डबा मांडीवर घेतला, फक्त ठीक आहे का बघायला. फडकं सोडलं तर तूप, खारीक, भाजलेलं खोबरं, जायफळ असा सगळा वास एकदम नाकात शिरला.

मी पापभीरू आहे. काकूंचं वाक्य मी शब्दशः आठवून पाहिलं. दोन वाटेत फुटले तर. आता एक लाडू किंचित कलता दिसत होता. तो फुटायच्या बेतातच होता. मी तो खाल्ला. दुसराही आज ना उद्या फुटलाच असता. इथवर माझी बाजू कोर्टातही टिकली असती.

तिसऱ्याला मात्र माझ्याकडे कारण नव्हतं. चौथा खाताना मी शहराकडे बघत होते. पाचव्याला स्वतःला सांगितलं की हा शेवटचा, आणि सहावा खाल्ल्यावर ते खरं झालं.

त्या लाडवांत काय ताकद असते ते तेव्हा कळलं. आजूबाजूला लोक टोप्या कानांवर ओढत होते आणि मी जॅकेट काढून घाम पुसत होते. मग दुसरा घाम फुटला. चार दिवस. मी एका बाळंतिणीच्या सव्वा महिन्यातले चार दिवस खाऊन बसले होते. खरी लाज वाटली, पण आधी सुचली ती लबाडी. कॅफेतले नॅपकिन चुरगाळून डब्याच्या तळाशी भरले आणि लाडू त्यावर रचले. वरून डबा तुडुंब दिसला. सुतळी मात्र काकूंसारखी बांधता येईना.

चार वाजता तिच्या घराचा बाहेरचा गोल लोखंडी जिना चढले. कानाला स्कार्फ बांधून, एका हाताने बाळ धरून तिने दार उघडलं. नवरा कामावर होता. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग, सोफ्यावर न घडी केलेले कपडे. होस्टेलवर माझीसुद्धा गादी नीट करणारी ही मुलगी.

"आई जागी आहे," ती म्हणाली. "तिकडे दीड वाजलाय, पण डबा उघडताना बघायचंय तिला."

तिने बाळ माझ्या हातात दिलं, फोन साखरेच्या बरणीला टेकवला आणि सुतळी सोडली. झाकण निघालं. एक लाडू नाकाशी धरून रडायलाच लागली. पलीकडे काकूही पदराने डोळे पुसत होत्या. मी बाळाकडे बघत राहिले. निदान त्याला तरी काही माहीत नव्हतं.

"मोजून घे गं," काकू म्हणाल्या.

"असू दे ना आई, बरोबरच असतील."

"मोज. मला झोप लागायची नाही."

ती एकेक लाडू काढून ताटात ठेवत मोजू लागली. काकूंना फोनमधून तिचा चेहरा दिसत होता, डबा नाही. एकतीस. बत्तीस. तेहतीस. चौतीस. मग तिचा हात तळाशी गेला आणि थांबला. तिने एक नॅपकिन वर काढला, त्यावरचं कॅफेचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"पस्तीस," ती म्हणाली. रिकामा हात डब्यातून ताटाकडे नेला. "छत्तीस. सदतीस. अडतीस. दोन फुटले गं वाटेत."

"तेवढे फुटणारच," काकू म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला. "आता झोपते मी."

फोन बंद झाला.

"सहा?" तिने विचारलं.

"फुटायचे दोन धरून."

"म्हणजे चार माझे." ती नॅपकिन उलगडून सरळ करत होती. "रोज एक खायचा, डबा संपला की आपण हे जमवलं, असं ठरवलं होतं मी. दुसरं कॅलेंडरच नाहीये मला. डे-नाइट सगळं सेम झालंय."

मला खरंच रडू आलं. सॉरी म्हणाले, तीन वेळा. होस्टेलवर ती माझ्यावर जशी हसायची तशी ती आता हसली.

"सॉरीचं काय करू मी? चार लाडू खाल्लेस, चार दिवस राहा. आईने काय केलं असतं ते कर."

रविवारी माझी बस माझ्याशिवाय गेली. मॅनेजरला सांगितलं, घरी बाळंतपण आहे. त्याने अभिनंदन केलं. मी खुलासा केला नाही. काकूंना काय येतं आणि मला काय येत नाही याची यादी मोठी होती. तिच्या पाठीला तेल लावताना गुदगुल्या केल्या, हळिवाची खीर करपवली, बाळाला मांडीवर पालथं घालायला दोन दिवस घाबरले. भांडी मात्र एकही तिला घासू दिली नाहीत. दुपारी मी बाळ घेऊन खिडकीत बसायची आणि ती घोरायची. मॉन्ट्रियलचा पुढे एकही फोटो काढला नाही.

गुरुवारी दुपारी एकची बस होती. बॅग दाराशी ठेवून मी बूट घालत होते. रात्री बाळ पुन्हा जागं होतं, तिचे डोळे सुजले होते. तिने डबा उघडला, एक लाडू काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

मी आधी ऑफिसला फोन केला. मग बूट काढले आणि लाडू खाल्ला.