कॉर्नेलियसची डावी वळणं

वसईचा कॉर्नेलियस डिमेलो बहरीनला, मनामाच्या एका हॉटेलची व्हॅन चालवायचा, तीही इतकी सावकाश की पाहुणे वैतागायचे. पण शुक्रवारी दुपारी रिफाच्या पलीकडच्या माळावर, मातीच्या गोल ट्रॅकवर तो मोटारसायकलवर बसला की वेगळाच माणूस व्हायचा. स्पीडवेच्या, म्हणजे मातीवरच्या शर्यतीच्या, त्या गाडीला ब्रेक नसतो. वळण आलं की गाडी आडवी घालायची, डावा पाय मातीतून फरफटवायचा, वेग सोडायचा नाही. आम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचो, "यल्ला कॉर्नी, चल, चल!"

त्याची बायको ग्लॅडिस नर्स. ती कधी आली नाही. शुक्रवारची ड्युटी मुद्दाम मागून घ्यायची. मला म्हणायची, "दत्ताभाऊ, माझ्यानं नाय बघवत."

एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात शेवटच्या फेरीत कमाल नावाचा बहरीनी गडी त्याच्या ऐन पुढ्यात पडला. कॉर्नेलियसनं गाडी सरळ कठड्यावर घातली. कमालला खरचटलंसुद्धा नाही. कॉर्नेलियसचा गुडघा मात्र कायमचा आखडला. नोकरी गेली, व्हिसा संपला. त्यानं वसईला मुलांना सांभाळायचं, ग्लॅडिसनं इथेच राहून कमवायचं, असं ठरलं.

तीन वर्षांनी शर्यतीही बंद पडल्या. एका शुक्रवारी ग्लॅडिस उम्म अल हस्समला माझ्या दारात उभी. "मला तिथं न्याल? तो काय करायचा ते मी पाहिलंच नाय हो."

मी कमालला निरोप धाडला. तो आपली जुनी गाडी टेम्पोत घालून आला. ओसाड ट्रॅकवर त्यानं एक फेरी मारली. वळणावर मातीचा पडदा उठला. ग्लॅडिसनं माझं मनगट घट्ट धरलं, पण डोळे मिटले नाहीत.

"असाच जायचा तो?"

कमालनं हेल्मेट काढलं. "नहीं सिस्टर. वो और अंदर से जाता था. हमको कभी नहीं जमा."

ती बराच वेळ त्या वळणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, त्याला सांगा ना, अजून एकदा."

कमालनं चार फेऱ्या मारल्या, अख्खी शर्यत.

पुढच्या महिन्यात ती राजीनामा देऊन वसईला गेली. आम्ही काही जण अजून शुक्रवारी मनामाच्या नईम भागात चहाला जमतो. कॉर्नेलियसला ट्रॅकवर पाहिलेले बरेचसे गावी परतले. नव्या पोरांना सांगायला गेलो, तर ती हसून विचारतात, "अंकल, रिअली?"