उशीच्या खोळीवरचा हिरवा चंद्र

ओटोकार डोक्याला काहीतरी चोळतो, हे गावाला त्याच्या डोक्यावरून नाही, उशीच्या खोळीवरून कळलं. आम्हा ऑस्ट्रियाच्या स्टायरियातल्या लोकांचा भोपळ्याच्या बियांवर फार विश्वास. त्यांचं काळंहिरवं तेल सॅलडवर तर घालतोच, शिवाय टक्कल, लघवी आणि म्हातारपण या तिन्हींवर तेच चालतं, असं आमचे पुरुष मानतात. पण त्या तेलाचा डाग साबणाला दाद देत नाही, तो फक्त उन्हात उडतो. त्यामुळे कुंपणावर वाळणारी खोळ ही आमच्याकडे जाहीर नोटीसच. ओटोकारच्या खोळीवर तर पौर्णिमेएवढा हिरवा चंद्र होता.

"डोक्याला तेल, पोटात तेल! एक दिवस कानातून वेल फुटेल तुझ्या," त्याची बायको बुर्गी म्हणायची. "रात्री चारदा उठतोस. डॉक्टरकडे जा की!"

"डॉक्टर आधी पँट उतरवायला लावतो. तेल तसं काही करायला लावत नाही."

केसांचं दुःख त्याने टोपीखाली झाकलं असतं, पण ढोलाचं काय? गेली एकतीस वर्षं तो गावच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवत होता. जूनमधल्या सणाला पाद्रीबाबांची मिरवणूक शेतांमधून चार वेदींपर्यंत जाते, त्याला दोन तास लागतात. गेल्या वर्षी तिसऱ्या वेदीपाशी ओटोकार ढोल टाकून मक्यात पळाला होता. आमचा बँडमास्तर हेरिबर्ट मग सगळ्यांसमोर म्हणाला, "पुन्हा असं झालं तर ढोल तुझ्या जावयाच्या गळ्यात."

आणि जावयाला ताल म्हणजे काय हे माहीत नव्हतं! ओटोकार तडक जडीबुटीवाल्या रोझविताबाईंकडे गेला. त्यांनी ओढ्याकाठच्या गुलाबी फुलांचा पाला दिला. "दिवसाला दोन कप चहा कर. पण चारदा उठतोस ना? मग आधी डॉक्टरला दाखव." ओटोकारच्या कानांनी पहिलं वाक्य आत घेतलं आणि दार लावून टाकलं.

तीन आठवडे त्याने चहा प्यायला. मला राहवेना. "फरक पडला का रे?" मी रोज विचारायचो. मीही पन्नाशी ओलांडली आहे, चौकशी निव्वळ शेजारधर्माची नव्हती.

"पडतोय," तो म्हणायचा आणि घाईघाईने आत जायचा.

मिरवणुकीच्या सकाळी त्याने विचार केला की आज औषध कमी पडायला नको. म्हणून दोन दिवसांचा चहा एकदम प्यायला. चांगले चार कप!

पहिली वेदी निभावली. दुसरीपाशी त्याचा ढोल जरा घाईत वाजू लागला. तिसरीपाशी पाद्रीबाबांनी वाचन सुरू केलं, बँड थांबला, आणि मी क्लॅरिनेटवरून नजर वर केली तर ढोल गवतात एकटाच. सण यंदा लवकर आलेला, मका जेमतेम गुडघ्याएवढा. आडोसा एकच होता, सरपणाचा ढीग. ओटोकार त्यामागे वळला आणि जागच्या जागी थिजला.

तिथे आधीच हेरिबर्ट उभा होता. दोघांनी समोर बघत आपापलं काम उरकलं. पुढचं ओटोकारनेच मला सांगितलं.

"किती कप?" हेरिबर्टने विचारलं.

"चार. तुझे?"

"पाच. शिवाय वर दोन चमचे तेल."

"मास्तर, माझा ढोल..."

"कुठला ढोल? मी काही पाहिलं नाही. तूही पाहिलं नाहीस. चल, वाचन संपतंय."

चौथ्या वेदीपाशी ढोल असा दणाणला की पाद्रीबाबा दचकले.

सोमवारी दोघं एकाच गाडीतून डॉक्टरकडे गेले. ओटोकारने बुर्गीला सांगितलं की बिचाऱ्या हेरिबर्टला सोबत हवी होती. हेरिबर्टने घरी काय सांगितलं, ते सांगायला नकोच. डॉक्टरांनी दोघांनाही पँट उतरवायला लावली, गोळ्या दिल्या आणि चहा प्यायचाच तर मिरवणुकीनंतर प्या म्हणून बजावलं.

ढोल आजही ओटोकारकडेच आहे. तेलाचं मात्र दोघांनीही डॉक्टरांना विचारलं नाही. परवा हेरिबर्टच्या कुंपणावर दोन खोळी वाळत होत्या. आणि आमच्या कुंपणावरही एक.