छ्याभाऊ आणि पगारी बोलर

भाऊंना किळस फार लवकर यायची. चहावर साय धरली, की छ्या! शेजारच्याने बशीतला चहा आवाज करत ओढला, की छ्या! हा उद्गार त्यांच्या ओठांतून येत नसे, पोटातून येई. तोंड असं वाकडं होई, की समोरच्याने कप खाली ठेवावा. गावाने त्यांचं नाव छ्याभाऊ पाडलं होतं. तोंडावर मात्र सगळे भाऊच म्हणत.

नंदुरबारला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांची लाकडाची वखार होती. जंगलाकडच्या खापर गावाहून सागाच्या गाड्या येत, त्या उतरवून घेताना भाऊ पहाटेपासून उभे असत. मी तेव्हा तिथल्या हायस्कुलात नवा मास्तर होतो, नाशिककडचा. अहिराणी कळायला मला वर्ष लागलं. गावाच्या क्रिकेट क्लबाला गडी कमी पडत होते म्हणून भाऊंनी मला ओढलं. तेच क्लबाचे कॅप्टन.

एकदा आमच्याच एका गड्याने खेळपट्टीवरच्या काथ्याच्या मॅटिंगच्या कडेला पानाची पिंक टाकली. भाऊंनी खेळ थांबवला, त्याच्याकडूनच विहिरीचं पाणी आणवलं, जागा धुऊन घेतली, आणि मॅटिंग वाळेपर्यंत दोन्ही बाजूंच्या लोकांना उन्हात बसवून ठेवलं. ''जठे उभा ऱ्हास, तठेच थुकस?'' एवढंच म्हणाले. तो गडी पुढे भाऊ दिसले की तोंडातलं पान गिळायचा.

पण त्यांना खरी शिसारी येई ती चेंडू येताना पाय मागे घेणाऱ्याची. स्वतः ते काही मोठे खेळाडू नव्हते. धोतराचा काचा मारून, काळी टोपी घट्ट बसवून उभे राहत आणि डावा पाय रोवत. बॅट कधी लागे, कधी नाही; पाय हलत नसे. ''ज्यानी स्टंप सोड्या, त्यानी घर सोडं,'' असं ते नव्या गड्याला पहिल्याच दिवशी ऐकवत. आमच्याकडची बोलिंग कोण करणार? कापसाचे दलाल, पोस्टातले कारकून. त्यांच्यासमोर घर सोडायची वेळ कुणावर येतच नव्हती.

ती वेळ एका हिवाळ्यात आली. गुजरातच्या हद्दीतल्या एका संस्थानचे युवराज आपली टीम घेऊन नंदुरबारला खेळायला आले. आमच्या क्लबातले एक बडे वकील त्यांच्या ओळखीचे. त्यांनीच हा घाट घातला होता. युवराजांबरोबर एक पगारी बोलर होता. उत्तरेकडचा, पलटणीतून सुटलेला, सहा फुटांवर उंच. त्याला सगळे जमादार म्हणत. शिकारीला कुत्री न्यावीत तसे युवराज त्याला गावोगाव नेत. ही उपमा माझी नाही. त्यांच्याच एका मानकऱ्याने सकाळी चहाच्या वेळी हसत हसत सांगितली होती, आणि आमचे वकील त्यावर टाळी देऊन हसले होते.

मैदान म्हणजे मुरूम, त्यावर अंथरलेलं मॅटिंग. त्यावर जमादाराचा चेंडू गुडघ्याला येईल की कानाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. मी दुसरा खेळायला गेलो. तो धावत आला एवढं दिसलं. मग अंगठ्यात कळ गेली, आणि मागे कुणीतरी झेल घेऊन ओरडलं. चेंडू मी पाहिलाच नाही.

पण मग जे झालं ते बघताना अंगठ्याचं दुखणं विसरलो. वकीलसाहेब पहिल्याच चेंडूला स्टंप सोडून थेट बाजूच्या अंपायरच्या जवळ जाऊन उभे राहिले, आणि त्रिफळा उडाल्यावर खदाखदा हसले. आमच्या क्लबातल्या डॉक्टरांच्या पायात खेळायला जाता जाताच गोळा आला. आमचा एक दलाल तर बॅट टाकून खाली बसला, आणि चेंडू गेल्यावर त्याने युवराजांना मुजरा केला. युवराज मांडीवर हात मारून हसत होते. त्यांना हसताना बघून आमचं गाव हसत होतं. शेजारच्या कोरीट गावाहून गाड्या जुंपून आलेली माणसं होती, तीही हसत होती. आपलीच माणसं आपल्या भेदरण्याचा तमाशा करून एका पाहुण्याला रिझवत होती.

वकीलसाहेब परत आले तेव्हा भाऊ पायाला पॅड बांधत होते. मान वर न करता म्हणाले, ''वकीलसाहेब, चेंडू तठे व्हता. तुम्ही कोठे व्हतात?''

''अहो, खेळ आहे हा. जीव द्यायचा का?''

''जीव नका देऊत. पन हासू नका,'' भाऊ म्हणाले आणि गेले.

पहिला चेंडू त्यांच्या मांडीवर बसला, दुसरा दंडावर. डावा पाय हलला नाही. युवराज स्लिपमधून ओरडले, ''जमादार, और ऊपर!'' पुढचा खांद्याला लागला. जमादार चेंडू घ्यायला म्हणून जवळ आला आणि हळूच म्हणाला, ''सेठजी, हट जाइए. मुझे हुकम है.''

''हुकूम तुले शे,'' भाऊ म्हणाले. ''माले नही.''

त्यानंतरचा चेंडू जमादाराने मुद्दाम पुढे आणि हलका टाकला. आंधळ्यानेही मारावा असा. भाऊंनी तो नुसता अडवला आणि बॅट टेकवून उभे राहिले. ''छ्या! हाई काय टाकं? तुन्हा शे तोच टाक.''

युवराजांचं हसू थांबलं. ''पगार किस बात की लेते हो, जमादार?'' सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ते म्हणाले.

जमादाराने एकदा भाऊंकडे पाहिलं. मग तो लांबवर गेला आणि धावत आला. चेंडू छातीच्या डाव्या अंगाला लागला. वाळलेलं सरपण मोडल्यासारखा आवाज आम्ही बसलो होतो तिथपर्यंत आला. भाऊ गुडघ्यावर आले. माणसं धावली. भाऊंनी सगळ्यांना हातानेच परत पाठवलं, उठले, टोपी उचलून झटकली, पाय रोवला. पुढच्या चेंडूने त्यांचा मधला स्टंप उखडला. त्या वेळीही पाय जागेवर होता. परत येताना त्यांना श्वास घेता येत नव्हता, तरी कुणाचा आधार घेतला नाही. या वेळी कुणी हसलं नाही.

संध्याकाळी वकीलसाहेबांच्या बंगल्यावर मेजवानी होती. डॉक्टरांनी छातीला पट्टा आवळून भाऊंना घरी निजायला सांगितलं होतं, तरी ते आले. आत चांदीची ताटं, उदबत्त्या, युवराज मधल्या पाटावर. बाहेर मागच्या पायरीवर गाडीवानांच्या शेजारी जमादार पत्रावळ घेऊन बसला होता. भाऊंना तो दारातून दिसला.

''हाऊ बाहेर काब्र?'' त्यांनी विचारलं.

''तो पगारी माणूस, भाऊ,'' वकीलसाहेब खालच्या आवाजात म्हणाले. ''खेळाडूंच्या पंगतीत कसा बसवणार?''

भाऊंचं तोंड वाकडं झालं. त्यांनी आपलं ताट उचललं. वाकताना केवढी कळ आली असेल ते चेहऱ्यावर दिसलं. ''दिनभर त्यानासंगे खेळनू. आते जेवाले काय लाज?'' म्हणत ते मागच्या पायरीवर गेले. मीही माझं ताट घेऊन त्यांच्यामागे गेलो.

जमादार जेवत नव्हता. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. मधूनच घास घेऊन तो हात छातीपर्यंत नेई आणि तिथूनच हात खाली येई.

''कंधा गया, सेठजी,'' तो म्हणाला. ''दो साल से. किसी से कहिएगा मत, निकाल देंगे.''

जमादाराची पत्रावळ जवळ ओढून भाऊंनी त्यातल्या पुऱ्या कुस्करल्या, वरणात कालवल्या, आणि डाव्या हाताने उचलता येतील एवढे लहान घास करून ठेवले. दोघं जेवले. आतून युवराजांच्या हसण्याचा आवाज येत होता.

पुढच्या महिन्यात क्लबाची बैठक झाली. युवराज पुन्हा येणार होते, आणि मैदानावर पत्र्याची शेड बांधून देणार होते. सगळ्यांना शेड हवी होती. मी नको म्हणालो. माझं कोण ऐकतो? भाऊंनी क्लबाच्या किल्ल्या वकीलसाहेबांपुढे ठेवल्या आणि चपला घातल्या. त्यानंतर त्यांनी बॅट हातात धरली नाही. बरगडी वाकडीच सांधली होती; गाड्या उतरवून घेताना ते एका अंगाने उभे राहत.

पुढच्या हिवाळ्यात युवराज आले, पण बोलर दुसरा होता. जमादाराचा खांदा उघडकीला आला होता, त्याला काढून टाकलं होतं. भाऊंना हे वखारीवर कळलं. त्यांनी हातातलं काम मुनिमावर सोपवलं आणि दुपारच्या गाडीने संस्थानात गेले. वखारीवर बसून सांभाळायचं काम त्याला द्यावं, असं त्यांच्या मनात होतं.

चौथ्या दिवशी परतले ते एकटेच. मी शाळेतून थेट वखारीवर गेलो. भाऊ सागाच्या ओंडक्यावर बसले होते. संस्थानात त्यांनी तबेल्यात विचारलं, पागेत विचारलं, मुदपाकखान्यात विचारलं. तो गावी गेला, एवढं सगळ्यांना माहीत होतं. कुठल्या गावी, ते कुणालाच नाही. नाव काय, तेही नाही. सहा वर्षं तो तिथे होता, जमादार म्हणून.

''मंग आपन तरी काय येगळं करं, मास्तर?'' भाऊ म्हणाले. ''त्यानी मन्ही बरगडी तोडी. मी त्याले घास कालवी दिधा. एका पायरीवर बठी जेवनूत. पन नाव ईचारं नही.''

खापरची गाडी आत आली होती. गाडीवान हाका मारत होता. भाऊंनी ऐकलं नाही.