उजवीकडचं मागचं दार

सिएनफुएगोस शहरातल्या रेइना वस्तीत क्लोदोमिरो आर्मेन्तेरोस कुठे राहतो असं विचारलंत तर लोक खांदे उडवतील. उस्ताद कुठे राहतो असं विचारा, कोणीही दारापर्यंत आणून सोडेल. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस पन्नास वर्षं गाड्यांचा पत्रा ठोकत आला आहे. ठोकून ठोकून डावा कान गेला. बायको नेरेइदा म्हणते, तो कान त्यानं मुद्दाम घालवला, कारण जेवताना ती त्याच बाजूला बसते.

त्याच्याकडे येणाऱ्या गाड्या बहुतेक त्याच्याहून वयानं मोठ्या. शिवाय एकही गाडी धड एक गाडी नसते. इंजिन रशियन जीपचं, बॉनेट शेजारच्या गावात मेलेल्या गाडीचं, हेडलाइट कुठल्याशा मोटारसायकलचे. वर एकच रंग फासला की सगळं एका आईचं वाटतं. ते तसं वाटायला लावणं हाच उस्तादचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या प्रांतात कोणी नाही.

अशा गाड्यांच्या पोटात काय काय निघतं! सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली कवळी निघाली आहे. टपाच्या अस्तरात शिवून टाकलेलं सांता बार्बरा या संत बाईचं चित्र निघालं आहे. एका दिवंगत डॉक्टरच्या गाडीत डॅशबोर्डामागे सात प्रेमपत्रं निघाली, सातही वेगवेगळ्या बायकांची. उस्तादनं ती कागदी पिशवीत घालून स्टिअरिंगला अडकवून ठेवली, कारण त्याची रीतच तशी होती. गाडीतून निघालेला खिळासुद्धा पिशवीत जाणार आणि पिशवी मालकाच्या हातात. डॉक्टरच्या मुलानं पत्रं वाचली, घाम पुसला आणि म्हणाला, "उस्ताद, आई अजून हयात आहे हो. ही होती तिथेच परत ठेवून टाका." ती अजून तिथेच आहेत.

दुसरी रीत दारांची. दाराचं आतलं अस्तर काढलं की पत्रा बसवण्याआधी आत कोपरापर्यंत हात घालायचा आणि तळ चाचपायचा. दाराचा तळ म्हणजे गाडीचा खिसा. जे हरवतं ते तिथेच पडतं, जे लपवायचं तेही तिथेच जातं. ही रीत त्याला त्याच्या उस्तादनं शिकवली होती. ती आपण आयुष्यात एकदाही मोडली नाही, असं तो चारचौघांत सांगत असे. सांगताना त्याला ते खरंही वाटत असे.

त्या जुलैत सेनाइदा तिची त्रेपन्न सालची प्लिमथ गाडी घेऊन आली. सेनाइदा छत्तीस वर्षांची, सिएनफुएगोस ते सांता क्लारा टॅक्सी चालवणारी, जिभेनं तिखट. गाडी तिच्या बापाची. बाप उबाल्दो चौऱ्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये, उपासमारीला कंटाळून अर्धं गाव तराफ्यांवर बसून देश सोडून समुद्रात निघालं होतं तेव्हा, "पाव मिळतो का बघून येतो" म्हणून घरातून गेला. किल्ली खिळ्याला लावून गेला. त्यानंतर ना पत्र, ना निरोप. सेनाइदा तेव्हा चौदा वर्षांची होती. पुढच्या वर्षी तिचं पंधरावं आलं. त्या गावात मुलीचं पंधरावं म्हणजे लग्नाच्या तोडीचं: भाड्याचा का होईना झगा, फोटो, केक. आईबाप मुलगी जन्मल्यापासून एकेक वस्तू साठवत येतात. सेनाइदाच्या पंधराव्याला आईनं रताळी उकडली आणि दोघी लवकर झोपल्या.

"दारं सडलीत, उस्ताद," ती म्हणाली. "प्रवासी म्हणतात, बाई, पाय बाहेर निघतो."

"मग पायाचं वेगळं भाडं घे."

"तुम्ही ठोका हो. विनोद मी करते."

तीन दारं झाली. उजवीकडचं मागचं उघडलं तेव्हा सेनाइदा समोरच बाकावर बसून कॉफी पीत होती. उस्तादनं आत हात घातला आणि बोटांना रबर लागलं. टायरच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून तारेनं आवळलेला टाल्कम पावडरचा चपटा डबा निघाला. त्यानं तो तिच्या हातात दिला. आत कापसात पोवळ्याची सोन्याची कर्णफुलं होती आणि घडी घातलेली चिठ्ठी. सेनाइदानं ती मोठ्यानं वाचली: "पोरीच्या पंधराव्यासाठी. उपाशी राहिलो तरी हात लावायचा नाही."

कॉफीचा कप तिनं जमिनीवर ठेवला. मग डबा छातीशी धरून चालत घरी गेली. रिक्षासुद्धा केली नाही.

उस्ताद मात्र दारापाशीच उभा राहिला. पुट्टी खरवडलेल्या जागी, निळ्याच्या खाली आणि तांबड्या प्रायमरच्याही खाली, हिरवा रंग दिसत होता. उबाल्दोची प्लिमथ कधीच हिरवी नव्हती. आणि बिजागरीला तेलाच्या पिंपाचा तुकडा कापून जे ठिगळ जोडलं होतं, ते वेल्डिंग त्याचं स्वतःचं होतं. आपलं अक्षर माणूस विसरेल, आपलं वेल्डिंग नाही विसरत.

सगळं आठवलं. शहाण्णव साल. उबाल्दो जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि गाडी सेनाइदाचा मामा चालवत होता. त्यानं ती बैलगाडीवर घातली, हे दार चेपून गेलं. तेव्हाच क्रूसेस गावचा ओनेलिओ नावाचा टॅक्सीवाला अपघातात मेला होता, आणि त्याच्या हिरव्या प्लिमथचं जे शाबूत उरलं ते त्याच्या भावानं तुकड्या-तुकड्यानं दिलं. दार मामानं आणलं. "शनिवारी लग्नाचं भाडं आहे, उस्ताद. शुक्रवारी गाडी दे, डुकराची अख्खी मांडी देतो." त्या उपासमारीच्या वर्षी गावात मांजरंसुद्धा दिसेनाशी झाली होती. वीज दिवसाला दोन तास. नेरेइदा साखरपाणी पिऊन शिवणयंत्रावर बसायची आणि चक्कर येऊन उतरायची. अस्तर काढून आत हात घालायचा तर एक संध्याकाळ जाणार होती. उस्तादनं अस्तर तसंच ठेवून दार बसवलं, पेट्रोलमध्ये थर्माकोल विरघळवून केलेली पुट्टी फासली, वर निळा मारला. शुक्रवारी मांडी घरी आली. नऊ दिवस पुरली.

ओनेलिओला एक मुलगी होती, एवढं त्याला माहीत होतं. तेव्हा दहा-अकरा वर्षांची.

म्हणजे डबा तेव्हाच हाती लागला असता, तर मुलीच्या पंधराव्याला अजून चार वर्षं होती.

हे त्यानं नेरेइदाला दुसऱ्या दिवशी सांगितलं, चांगला उजवा कान तिच्याकडे करून, म्हणजे तिचं बोलणं चुकवता येऊ नये.

"मग सांग की सेनाइदाला," ती तांदूळ निवडत म्हणाली.

"तिला बाप सापडलाय, नेरेइदा. बावीस वर्षांनी. तो मी काढून घेऊ?"

"आणि त्या दुसरीचा कोण देणार? तू सेनाइदासाठी गप्प बसलायस की स्वतःसाठी?"

"दोन्ही," तो म्हणाला. एवढं खरं बोलल्यावर त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

आठ दिवस तो गप्प राहिला. त्या आठ दिवसांत त्यानं दार तीनदा घासलं, जे एकदा घासून झालं असतं. लोक यायचे, बसायचे, डब्याची गोष्ट वस्तीभर झाली होती. "उस्ताद, तुमच्या हाताला यश आहे! मेलेल्या माणसाचा निरोप काढलात!" तो मान हलवायचा. त्याच्या पन्नास वर्षांच्या नावाचा त्याला पहिल्यांदाच कंटाळा आला. सगळ्यात जास्त टोचत होती ती चिठ्ठी. उपाशी राहिलो तरी हात लावायचा नाही. ओनेलिओही त्याच वर्षांत उपाशी होता. त्यानं हात लावला नव्हता. आणि उस्तादनं, भुकेपोटीच, हात घातला नव्हता. दोघांतला हा फरक कुठल्याच पुट्टीनं बुजत नव्हता.

नवव्या दिवशी तो सेनाइदाच्या घरी गेला. ती झुलत्या खुर्चीत बसली होती. कर्णफुलं कानात नव्हती. डबा मांडीवर होता.

"पोरी, ते दार तुझ्या बापाचं नाही," तो उभ्या उभ्याच म्हणाला. मग शहाण्णव साल, हिरवी गाडी, मामा, मांडी, सगळं सांगितलं. काही वगळलं नाही.

सेनाइदाची खुर्ची थांबली.

"बसा आता, उस्ताद. उभे राहून काय शिक्षा भोगताय?" ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"माझ्या बापाचं अक्षर. वाणसामानाच्या याद्या आहेत आमच्याकडे अजून, आईनं जपून ठेवलेल्या. कोंबडीनं उकरल्यासारखं अक्षर. ही चिठ्ठी लिहिणारा शाळेत पहिला येत असणार. वाचतानाच कळलं मला."

"मग घेऊन का गेलीस?"

तिनं डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "आठ दिवस घरात ठेवायचं होतं. कोणाच्या का होईना बापानं ठेवलेलं." मग ती एकदम चिडली. "तुम्हाला यायला आठ दिवस का लागले?"

"लाज वाटत होती."

"मग दोघं सारखेच. उद्या क्रूसेसला जाऊ. दार बसवा तेवढं, नाहीतर तुम्ही वाटेत पडाल आणि मला तुमच्या बायकोला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

ओनेलिओच्या मुलीचं नाव इदालमिस. क्रूसेसला चर्चमागच्या गल्लीत तिचं घर सापडायला वेळ लागला नाही. एकतीस वर्षांची उंच बाई, हाताला पीठ, दारातच उभी. सेनाइदानं तोंड उघडायच्या आत उस्तादनं टोपी काढली आणि सुरुवात केली. त्यानं डबा आधी दिला नाही, आधी मांडीचं सांगितलं. डबा आधी दिला असता तर तिनं उरलेलं ऐकलं नसतं, आणि ते ऐकवल्याशिवाय त्याला परत जायचं नव्हतं.

मग डबा दिला. इदालमिसनं पिठाचे हात झग्याला पुसले. कर्णफुलं नुसती बघितली, चिठ्ठी वाचली तेव्हा मात्र भिंतीला टेकली.

"ही आजीची," ती म्हणाली. "आई सांगायची, तुझ्या बापानं ही विकून रम प्यायली. अपघाताच्या दिवशीही प्यायलेलाच असणार म्हणायची. माझ्या पंधराव्याला पाहुण्यांसमोर म्हणाली. मीही म्हणाले." तिनं चिठ्ठीची घडी घातली. "वर्षातून एकदा कबरीवर फुलं घेऊन जायचे सगळे, आम्ही दोघी नाही गेलो कधी. आई सहा वर्षांपूर्वी गेली. तिनं सांगून ठेवलं होतं, मला त्याच्या शेजारी ठेवू नका. मी नाही ठेवलं."

उस्तादकडे माफ कर, एवढाच शब्द होता, तो त्यानं उच्चारला. तो फारच छोटा होता.

"माफीचं मला आत्ता विचारू नका," इदालमिस म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरंच सांगत होती. "मला आधी त्याच्याशी काही बोलायचंय. पण कॉफी घेतल्याशिवाय जायचं नाही. या घरातून कोणी तसं गेलेलं नाही."

कॉफी रेशनची, भाजलेला वाटाणा मिसळलेली होती, कडू. तिघं स्वयंपाकघरात बसून प्यायले. निघताना इदालमिस बाहेर आली, प्लिमथच्या उजवीकडच्या मागच्या दारापुढे उभी राहिली आणि निळ्या पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा उन्हानं तापलेला होता तरी तिनं हात लवकर काढला नाही. मग घरात गेली, डोक्याला रुमाल बांधून, डबा घेऊन परत आली आणि कबरस्तानाच्या रस्त्यानं भराभर चालायला लागली. सेनाइदानं "सोडते" म्हटलं, तर मानेनंच नको म्हणाली.

परतीच्या वाटेवर दोन्हीकडे ऊस होता. उस्ताद सेनाइदाच्या उजव्या हाताला बसला होता, म्हणजे त्याचा बहिरा कान तिच्याकडे. त्याला बरं वाटलं. बऱ्याच वेळानं तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"उस्ताद, बाकीची तीन दारं माझ्या बापाच्याच गाडीची ना?"

"तुझ्या बापाच्याच."

"ती नीट बघितलीत?"

"बघितली."

"सीटखाली? टपात?"

"सगळीकडे बघितलं, पोरी."

ती समोर बघत राहिली. तिला काय ऐकायचंय हे त्याला कळत होतं. एक खिळा, एक बटण, तिकिटाचा तुकडा सापडला होता म्हटलं असतं तरी तिनं ते आयुष्यभर जपून ठेवलं असतं. असं एखादं बटण त्याला कुठूनही आणून देता आलं असतं.

"काहीच नव्हतं," तो म्हणाला.

सेनाइदानं मान हलवली, डोळे पुसले आणि गाडी चालू केली.