स्पीकर चेक

आमच्या आमली भागात मोबाइल दुरुस्त करणारा एक खानदेशी माणूस आहे. फोन काच फुटली म्हणून द्या नाहीतर बॅटरीसाठी, परत देण्याआधी तो त्यात स्वतः गायलेलं अहिराणी गाणं टाकून वाजवतोच. "स्पीकर चेक करतो," म्हणतो आणि गिऱ्हाइकाच्या पायाकडे बघत बसतो. पायाने ठेका धरला, तर हळूच विचारतो, "ऱ्हाऊ देऊ का, भाऊ?" नाही धरला, तर मुकाट्याने गाणं पुसून टाकतो.

मी दुरुस्तीला दिलेला फोन घ्यायला गेलो, तेव्हा माझा पाय काही हलला नाही. घरी भांडी घासताना मात्र तीच चाल गुणगुणत होतो, आणि शब्द काही केल्या आठवेनात.

दुसऱ्या दिवशी धडधाकट फोन त्याच्यापुढे ठेवला.

"काय बिघडलं, भाऊ?"

"काही नाही. स्पीकर चेक करा."

त्याने गाणं लावलं. या वेळी काउंटरखाली त्याचाच पाय हलत होता.